केरींची पदकं आणि तीन राज्यांतली जाहिरात

ऑगस्ट 2004. अमेरिकेत अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांनी व्हिएतनाम युद्धातली पदकं खोटं बोलून मिळवली, असा आरोप करणारी जाहिरात टीव्हीवर आली. आरोप करणारेही नौदलाचे माजी सैनिकच होते, त्यामुळे तो लोकांना खरा वाटला. मूळ जाहिरात जेमतेम तीन राज्यांत दाखवली गेली. देशभर ती फुकटात पोचवली वृत्तवाहिन्यांनी, चर्चेच्या नावाखाली पुन्हा पुन्हा दाखवून.

कागद मात्र वेगळंच सांगत होते. 13 मार्च 1969 रोजी केरींनी नदीतून ओढून वाचवलेले जिम रासमन स्वतः साक्षीला उभे राहिले, आणि ते होते रिपब्लिकन. त्या दिवशी शत्रूचा गोळीबार झालाच नाही, असं म्हणणाऱ्या लॅरी थर्लो यांच्या स्वतःच्या पदकाच्या मानपत्रातच गोळीबाराचा उल्लेख निघाला! तरी वाहिन्यांवर ‘दोन्ही बाजू’ समोरासमोर बसवण्याचा खेळ चालू राहिला.

केरींवर टीकेला जागा होतीच. 1971मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी युद्धाविरुद्ध दिलेली साक्ष अनेक सैनिकांना झोंबली होती. तो वाद रास्त. पण नोंदींत तपासता येणारी गोष्ट मताचा प्रश्न म्हणून मांडणं ही पत्रकारिता नव्हे.