शेतकामातील कंबरदुखी आणि मजुरांची टंचाई

शाश्वत शेतीविषयी बोलताना आपण जमिनीचा पोत, पाणी व सेंद्रिय कर्ब यांचा विचार करतो. ज्यांच्या हातून शेती होते त्यांच्या कमरेचा व गुडघ्यांचा विचार सहसा होत नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर कांदा, टोमॅटो व इतर भाजीपाला वाढला, तसे वाकून व उकिडवे बसून करावयाचे कामही वाढले. यातील बहुतेक काम स्त्रिया करतात.

कांदा लागवडीचाच हिशेब करून पाहू. गादीवाफ्याची रुंदी १२० सें.मी., दोन वाफ्यांमधील सरी ४५ सें.मी. व रोपांतील अंतर १५ x १० सें.मी. धरल्यास एकरी सुमारे १ लाख ९४ हजार रोपे बसतात. प्रत्येक रोप हाताने लावावे लागते. माणूस वाकला की धडाचा सर्व भार पाठीचे स्नायू पेलतात. त्यासाठी ओझे उचललेच पाहिजे असे नाही. ताणलेल्या स्नायूंना विसावा न मिळाल्याने त्यांचा रक्तपुरवठा मंदावतो व मणक्यांमधील चकत्यांवर दाब वाढतो. मी स्वतः एकदा अर्धा तास रोपे लावून पाहिली. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला. बायका तेच काम दिवसभर करतात.

राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय गादीवाफ्याची शिफारस करते ती मुख्यतः निचरा व उत्पादनासाठी. परंतु १२० सें.मी. रुंदीचा वाफा मजुरालाही सोयीचा आहे. सरीत बसून दोन्ही बाजूंनी ६० सें.मी.पर्यंत हात पोहोचतो, वाफ्यावर चढून ओणवे व्हावे लागत नाही. सपाट वाफ्यात ही सोय नाही. रोपे काढणे, शेंडे कापणे, रोपे पोहोचविणे ही कामे आळीपाळीने दिल्यास एकाच बाईच्या पाठीवर सर्व ताण येत नाही. तासाभराने पाच-दहा मिनिटांची विश्रांती ही कामचुकारी समजू नये.

खुरपणीसाठी सायकल कोळपे उभ्याने चालविता येते. जेथे ओळींत पुरेसे अंतर आहे अशा पिकांत ते जरूर वापरावे. एका प्रात्यक्षिकात मात्र आम्ही नेलेले कोळपे बायकांनी थोड्याच वेळात बांधाला ठेवले व पुन्हा खुरपी हाती घेतली. कारण विचारले तर कळले की मूठ त्यांच्या खांद्याशी येत होती! अवजार पुरुषाच्या उंचीने बनविलेले होते. मूठ कोपराच्या किंचित खाली असावी, म्हणजे खांदे न उचलता जोर लावता येतो.

पश्चिम भागातील भात उत्पादकांसाठी कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा उपयुक्त आहे. दातेरी व वजनाने हलका असल्याने कापताना मनगटाला हिसके कमी बसतात. याच भागात पडकईच्या प्रथेने एकमेकांच्या खाचरांवर मिळून काम करण्याची जुनी सवय आहे. अशा गटांनी चांगली अवजारे सामाईक घेतल्यास खर्च वाटला जाईल.

ओझ्याबाबतही सांगणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषानेही एका वेळी ५५ किलोपेक्षा अधिक भार वाहू नये. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो २० किलोच्या क्रेटमध्ये जातो, ही पद्धत चांगली आहे. कांद्याच्या गोण्या मात्र ठासून भरण्याचा मोह होतो. फवारणीचा १६ लिटरचा भरलेला पंपही पाठीवर वीस किलोच्या आसपास जातो, हे ध्यानात घ्यावे.

येथे एक अडचण आहे. काम उक्ते दिले की मजूर विश्रांती घेत नाहीत आणि यंत्र आले की ते पुरुषाच्या हाती जाते, बाईची मजुरी बुडते. कष्ट कमी होऊन रोजगारही गेला तर बायका त्या अवजाराला विरोध करतील, व तो रास्तच ठरेल. म्हणून नवे अवजार त्यांनाच शिकवावे आणि वाचलेल्या वेळाचा काही भाग मजुरीत द्यावा. दरवर्षी लागवडीला माणसे मिळत नाहीत अशी तक्रार आपण करतो. चाळिशीत कंबर गेलेल्या आईला पाहून मुलगी शेताकडे फिरकत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

कोळपे विकत घेताना ते जिला चालवायचे आहे तिला दुकानात बरोबर न्यावे, मूठ धरून चार पावले चालवून पाहावयास सांगावे आणि मगच पैसे द्यावेत.