निजण्यापूर्वीची चार ओळींची कविता

या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी काही लिहावे अशी सूचना शाळेकडून आली, तेव्हा मी मुद्दामच एक लहान विषय निवडला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मुलांबरोबर वाचावयाच्या छोट्या कविता, हा तो विषय. पुण्या-मुंबईकडे तो केवळ हौसेचा ठरेल. आपल्याकडे, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांत, त्याला निराळे वजन आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद इकडे म्हैसूर राज्यात राहिले. त्याच वर्षी घटनेत ३५०क हे कलम घातले गेले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले गेले. मराठी शाळा त्या बळावर चालल्या, आजही काही चालतात. परंतु पालकांचा ओढा इंग्रजीकडे आहे आणि राज्याची भाषा म्हणून कन्नड उत्तम यावी, ही अपेक्षाही रास्तच आहे. परिणाम असा की, आजी मराठी वाचते, आई अडखळत वाचते आणि नातू मराठी केवळ बोलतो. एखाद्या घरात मराठी वाचन सुटते ते कोणाच्या सक्तीने नव्हे. दिवसभरात त्यासाठी वेळच उरत नाही म्हणून सुटते. उरते ती निजण्यापूर्वीची दहा मिनिटे. तेवढ्या वेळात कथा पुरी होत नाही, कविता होते.

या दहा मिनिटांची परंपरा आपल्या मातीला नवीन नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ मध्ये 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. ओवीच्या गायनाचा हा फार जुना लेखी पुरावा मानला जातो. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आपले बसवकल्याण. ओवीविषयीचा इतका जुना शब्द बीदर जिल्ह्यातल्या राजसभेतून यावा, याचा मला थोडा अभिमान वाटतो; तो वाचकांनी क्षम्य मानावा.

ओवी केवळ जात्यावर राहिली नाही, ती पाळण्याशीही आली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात बायकांच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत तान्ह्या बाळाच्या ओव्यांना मोठी जागा आहे. भीमेच्या पलीकडे हेच काम हलसंगीच्या मित्रमंडळींनी कन्नडमध्ये केले. 'गरतिय हाडु' हा त्यांचा संग्रह १९३१ मध्ये निघाला. त्यातील गीते त्रिपदीत, म्हणजे तीन ओळींत आहेत. आपण अंगाई म्हणतो, त्याला कन्नड माऊली जोगुळ म्हणते. तिसरी धारा दख्खनीची. सूफी परंपरेत दळताना म्हणावयाचे 'चक्कीनामे' आणि मूल निजवताना म्हणावयाचे 'लोरीनामे' रचले गेले. ओवी, त्रिपदी आणि लोरीनामा या तिन्ही प्रकारांत गाणारी बाई एकच आहे: हात कामात गुंतलेले, मूल मांडीवर, आणि लांब काही म्हणण्यास दम नाही. म्हणून रचना आखूड.

या आखूडपणात एक युक्ती आहे. ग्रांथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जोडलेले असतात आणि चौथा चरण त्यांच्याहून लहान, बिनयमकाचा असतो. वाचणाऱ्याचा आवाज तिथे आपोआप खाली येतो, जणू श्वास सुटतो. निजणाऱ्या मुलाला हे उतरणे हवे असते. याउलट टाळ्यांच्या ठेक्यावरची कविता मुलाला उठवून बसवते, ती सकाळची. पुस्तक निवडताना मी प्रथम शेवटची ओळ मोठ्याने वाचून पाहतो. ती खाली उतरत नसेल, तर कविता कितीही सुंदर असो, रात्रीसाठी बाजूला ठेवतो.

आता अडचण उच्चाराची. ती फक्त सीमाभागातील घरांनाच ठाऊक असते. कन्नड शिकलेले मूल अक्षरातील 'अ' पूर्ण उच्चारते, कारण कन्नड लिपीत तो तसाच वाचावयाचा असतो. त्यामुळे 'घर' हा शब्द ते 'घरऽ' असा ओढते आणि कवितेचा ताल मोडतो. दुसरे, 'चाक' मधला च आणि 'चिमणी' मधला च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. कन्नडच्या सवयीचे मूल दोन्ही 'चिमणी'सारखेच म्हणते. याला चूक म्हणून टोकू नये. व्याकरण सांगूनही उपयोग होत नाही. कविता तीन वेळा ऐकली की यमक आणि ताल हे काम करतात: शब्द चुकीचा ओढला, तर ओळ अडते आणि मुलाला स्वतःच ते खटकते. 'ळ' मात्र दोन्ही भाषांत आहे, तिथे आपल्या मुलांची जीभ कोणाही हिंदीभाषक मुलाहून सरस.

कोणत्या कविता घ्याव्यात? विंदा करंदीकरांच्या बालकविता मी पहिल्या ठेवतो. 'राणीची बाग' हा त्यांचा संग्रह १९६१ मध्ये आला. पुढे 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' मध्ये त्यांनी भुतांनाच हास्यास्पद केले. अंधाराला भिणाऱ्या मुलाला 'भूत नसते रे' असे शंभरदा सांगण्यापेक्षा हे औषध गुणकारी. मंगेश पाडगावकर, शांता शेळके, ग. ह. पाटील यांच्यापाशीही रात्रीला शोभणारे पुष्कळ आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. पुस्तकाचे दुकान दूर असलेल्या खेड्यांना याचा लाभ घेता येईल.

उपदेशपर कविता मात्र रात्री नकोत. 'खोटे बोलू नये' असे सांगणारी कविता ऐकून मूल दिवसभराचे हिशेब आठवत जागे राहते. करुण कवितेविषयी माझे मत निराळे आहे. कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे, यांची गरीब घरातील अंगाई अनेकांना पाठ आहे. हा कवी १८७५ मध्ये जन्मला आणि १८९९ मध्ये गेला. त्या वेळी त्यांचा मुलगा अवघा चार वर्षांचा होता. तोच पुढे शिक्षणतज्ज्ञ वि. द. घाटे म्हणून नावारूपास आला आणि आचार्य अत्रे यांच्यासह 'नवयुग वाचनमाला' संपादून मराठी मुलांच्या हाती चांगल्या कविता देणारा ठरला. दारिद्र्याचा उल्लेख मुलाला त्रास देतो असे नाही. आवाज शांत असला की ते त्यातही निश्चिंत झोपते.

कन्नड कविता वर्ज्य करू नये, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. पंजे मंगेशराव यांची मातृभाषा कोंकणी, द. रा. बेंद्रे यांची मराठी. दोघेही कन्नडचे मोठे कवी झाले. एक रात्र मराठी, एक रात्र कन्नड, असा क्रम मी काही घरांना सुचविला आहे. मुलाला यात भांडण दिसत नाही; ते दिसते मोठ्यांना.

वाचनाची रीत साधी असावी. आठवडाभर एकच कविता. पहिल्या रात्री नुसते ऐकवावे. दुसऱ्या रात्रीपासून ओळीखाली बोट फिरवावे, म्हणजे देवनागरी अक्षर कानातल्या शब्दाला चिकटते. तिसऱ्या-चौथ्या रात्री यमकाचा शब्द आपण गाळावा आणि मुलाने भरावा. अर्थ विचारू नये. मुलाने विचारला, तर एका वाक्यात सांगावा आणि पुन्हा वाचावे. मूल मध्येच झोपले, तर उरलेल्या ओळी हलक्या आवाजात पुऱ्या कराव्यात.

ज्या माऊल्यांचे शिक्षण कन्नडमधून झाले आहे, त्यांच्यासाठी एक सोय मी पाहिली आहे. वहीच्या डाव्या पानावर आजीने कविता देवनागरीत लिहावयाची, उजव्या पानावर तीच कविता आईने कन्नड लिपीत उतरवावयाची. आई उजव्या पानावरून वाचते, मुलाचे बोट डाव्या पानावर फिरते. अशा एका वहीत दोन वर्षांत चाळीसेक कविता झाल्या होत्या. घरातील धाकटीने काही पानांवर 'ळ' ला डोळे काढून ठेवले होते.