सुबाभळीचा पाला आणि मेंढीचे पोट

आमच्या वसतिगृहातील अनेक मुलामुलींच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत. उन्हाळ्यात गवत संपले की पालक बांधावरची सुबाभूळ छाटून जनावरांपुढे टाकतात. ‘हा पाला खाल्ल्यावर मेंढीची लोकर का गळते?’ असा प्रश्न पालकसभेत आम्हांस एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि प्रश्नाचा माग काढणे हे आमचेच काम होय.

सुबाभूळ मूळची मेक्सिकोची. तेथील ओआहाका प्रांताचे नावच या झाडावरून पडले आहे. महाराष्ट्रात तिचा प्रसार करण्यात मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचन येथील ‘बायफ’ संस्थेचा मोठा वाटा आहे. तिच्या वाळल्या पाल्यात सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात. परंतु त्याच पाल्यात, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत, मिमोसीन नावाचे विषद्रव्यही असते. ते लोकरीच्या मुळाशी पेशींची वाढ रोखते. म्हणून लोकर गळते. कोटीपोटात त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो, तो थायरॉइड ग्रंथीचे कार्य बिघडवतो. मग जनावर लाळ गाळते, खंगते आणि त्यास गलगंड होतो.

ऑस्ट्रेलियात जनावरे या पाल्याने आजारी पडत. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन निरोगी राहत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचे कारण शोधले. हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटात हे विष पचवणारे जिवाणू होते. कोटीपोटातील तो द्रव ऑस्ट्रेलियातील जनावरांना पाजताच त्यांनाही पाला पचू लागला. १९९२ मध्ये त्या जिवाणूस जोन्स यांच्याच नावावरून ‘सिनर्जिस्टिस जोनेसी’ असे नाव देण्यात आले.

आपल्या कळपात हे जिवाणू आहेत की नाहीत, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून माप सांभाळावे. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच असावी; उरलेला चारा गवत व कडब्याचा असावा. प्रारंभ थोड्या पाल्याने करावा. गाभण मेंढीस विशेष जपावे. बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्यास मात्र हा पाला मुळीच घालू नये. तो रवंथ करणारा प्राणी नाही, त्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडतात.

लोकर गळू लागली की ‘नजर लागली’ म्हणून अंगारा लावण्यात दिवस दवडू नयेत. गेले काही दिवस काय खाऊ घातले ते आठवावे, पाला त्वरित थांबवावा आणि पशुवैद्यास दाखवावे. वेळीच थांबवल्यास लोकर बहुधा पुन्हा येते. मेंढ्या विकूनच ज्या घरी मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागतो, तेथे ही माहिती पोहोचवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.