एक सेकंद म्हणजे एक हात

गुरुवारी औरंगाबादच्या छावणीचा आठवडी बाजार भरला की माझं सगळं लक्ष खेळण्यांच्या पथारीवर. तिथे पिक्चरच्या फिल्मचे कापलेले तुकडे मिळायचे. आजी शेजारच्या फुलवालीकडे गजरा घ्यायला थांबायची. फुलवाली कोपराशी दोऱ्याचं टोक धरायची आणि मधल्या बोटापर्यंत ताणायची. एक हात. दोन हात. तोवर मी अर्ध्या वितीचा एक तुकडा उन्हात धरून बघत असायचो. त्यात सहा चित्रं. सहाही चित्रांत एक माणूस हवेत. पांढरा सदरा, उजवा पाय छातीच्याही वर ताणलेला, आणि खाली जमीनच नाही!

घरी फ्यूज उडालेला बल्ब जपून ठेवलेला असे. त्याचं बूड फोडून आत पाणी भरायचं, आरशाने ऊन खोलीत घ्यायचं, मध्ये तुकडा धरायचा. चुन्याच्या भिंतीवर तो माणूस उमटायचा, तोही उलटा. तुकडा फिरवला की सुलटा. पुढे कितीही मोठे पडदे पाहिले तरी तसा अचंबा पुन्हा वाटला नाही.

आता जरा हिशेब करू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. म्हणजे एका सेकंदाला दीड फूट, अठरा इंच. अठरा इंच म्हणजे काय? फुलवालीचा हात! कोपरापासून बोटापर्यंत, बरोब्बर एक हात. सिनेमाचा एक सेकंद म्हणजे एक हात. नऊवारी लुगडं म्हणजे अठरा सेकंद. आणि माझा अर्ध्या वितीचा तुकडा म्हणजे पाव सेकंद. हे माप हातात आलं आणि चिनी मारामारीचे ते सगळे जुने पिक्चर, ज्यांना आम्ही सरसकट ‘कराटे पिक्चर’ म्हणायचो, माझ्यापुढे नव्याने उलगडत गेले. चला, याच हाताने मोजू.

सुरुवात अर्थातच ब्रूस लीपासून. नाव घेताना आम्ही मध्ये जागा सोडत नव्हतो, ‘ब्रूसली’ असा एकच शब्द. तीन फुटांवरून ठोसा मारायला त्याला सेकंदाचा विसावा भाग पुरायचा, असं सांगतात. विसावा! तीन फूट म्हणजे दोन हात. दोन हातांचं अंतर त्या मुठीने कापलं, तर फिल्मवर त्याला जागा किती मिळाली? एक इंचही नाही. बोटाचं एक पेर. चित्र एक, फार तर दोन. आधीच्या चित्रात मूठ कमरेशी, पुढच्या चित्रात समोरचा आडवा. मधलं काही दिसलंच नाही, कारण मधलं फिल्मवर उतरायला वेळच नव्हता. त्या मुठीचा वेग काढला तर ताशी ६५ किलोमीटर भरतो. डेक्कन क्वीन मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर तीन तासांहून थोड्या जास्त वेळात कापते, म्हणजे सरासरी ताशी साठ. माणसाचा हात, उभ्या जागेवरून सुटलेला, डेक्कन क्वीनला मागे टाकतो!

आणि हा माणूस होता केवढा? उंची साधारण पाच फूट आठ इंच. १९७२मध्ये ‘गेम ऑफ डेथ’साठी त्याने पिवळा पोशाख चढवला आणि समोर उभा केला बास्केटबॉलचा करीम अब्दुल-जब्बार, सात फूट दोन इंच. फरक काढा. अठरा इंच. पुन्हा एक हात! त्या हातभर फरकाकडे खालून वर बघत ब्रूसली लढला.

‘एंटर द ड्रॅगन’ १९७३चा. तो प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी, २० जुलैला, ब्रूसली गेला, अवघ्या ३२व्या वर्षी. पिक्चर साधारण शंभर मिनिटांचा. म्हणजे सहा हजार सेकंद, सहा हजार हात, पावणेतीन किलोमीटर फिल्म. छावणीतून वेरूळच्या रस्त्याला लागा आणि रीळ सोडत चला. पडेगावच्या दिशेने बरंच अंतर गेल्यावर पिक्चर संपतो. खर्च आला सुमारे साडेआठ लाख डॉलर. डॉलर तेव्हा पावणेआठ रुपयांच्या आसपास, म्हणजे ६५ लाख रुपये. दोन वर्षांनी आलेल्या ‘शोले’चा खर्च तीन कोटी सांगतात. एका ‘शोले’त साडेचार ‘एंटर द ड्रॅगन’! हाताच्या मापाने बघा. एका हाताला जवळपास अकराशे रुपये, तेव्हाच्या भावाने तीन-चार तोळे सोनं. आणि कमाई? आजवरची मिळून चाळीस कोटी डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज सांगतात. १९७३च्याच भावाने हाताला पाच लाख रुपये! रुपया पेरला आणि साडेचारशेहून जास्त उगवले.

पण वेग आणि पैसा यांवर थांबलो तर अर्धीच गोष्ट कळेल. या पिक्चरांतली कारागिरी बघायची तर किंग हू या दिग्दर्शकाकडे जायला हवं. त्याचा ‘अ टच ऑफ झेन’ दोन भागांत आला, १९७०-७१च्या सुमाराला. दोन्ही भाग मिळून तीन तासांहून लांब. पहिला जवळजवळ तासभर मारामारीच नाही. तीन हजार सहाशे हात नुसतं धुकं, वाढलेलं गवत, पडका वाडा, एक गरीब चित्रकार आणि शेजारी राहायला आलेली एक बाई. पब्लिकच्या संयमाची एवढी परीक्षा क्वचितच कुणी घेतली असेल. आणि मग येतं बांबूचं बन.

या बनातल्या लढाईला पडद्यावर दहा मिनिटं मिळतात. चित्रीकरणाला लागले पंचवीस दिवस. दहा मिनिटं म्हणजे सहाशे हात. सहाशेला पंचवीसने भागा. दिवसाला चोवीस हात! सकाळी उन्हं बांबूतून खाली उतरण्याची वाट बघायची, तलवारी परजायच्या, उड्या मारायच्या, पुन्हा मारायच्या, आणि दिवस मावळताना हाती काय? एक नऊवारी आणि वर तीन वार. पैठणचा विणकर एकेक बोट पैठणी पुढे सरकवतो, तेच हे काम. धागा उजेडाचा, इतकंच.

त्या बनात शू फेंग ही नटी आपल्या साथीदाराच्या आधाराने वर जाते आणि उंचावरून थेट खाली शत्रूवर झेपावते. उडी घ्यायला चौकटीबाहेर ट्रॅम्पोलीन ठेवलेलं असायचं. किंग हूने ही झेप सलग दाखवली नाही. वर जाणारा पाय, सळसळणारी पानं, तलवारीची चमक, खालचा वर झालेला चेहरा, असे तुकडे जोडले. काही तुकडे सेकंदाचा तिसरा भागही भरत नाहीत. तिसरा भाग म्हणजे आठ चित्रं, सहा इंच! पापणी जरा निवांत लवली तरी एखादा तुकडा हुकतो. माणूस उडताना दिसत नाही, उडून गेल्याचं डोळ्यांना जाणवतं. तारा, दोऱ्या, संगणक यांनी पुढे कितीतरी माणसं उडवली, पण मला तरी त्या सहा-सहा इंचांच्या तुकड्यांइतकं खरं उडणं दुसरीकडे दिसलं नाही. १९७५मध्ये कान महोत्सवात या पिक्चरला तंत्रासाठीचं मोठं पारितोषिक मिळालं.

आता पुन्हा रस्त्याला लागू, कारण अंतरं वाढत चालली आहेत.

जॅकी चॅनचा ‘ड्रॅगन लॉर्ड’, १९८२. त्यातल्या एकाच प्रसंगासाठी २,९०० वेळा कॅमेरा फिरवला, असं सांगितलं जातं. एकोणतीसशे! प्रत्येक वेळी दहाच सेकंद फिल्म गेली असं धरू. २९ हजार हात. तेरा किलोमीटर! छावणीतून सोडलेलं रीळ आता पार दौलताबादकडे पोहोचतं, चाँद मिनार समोर दिसायला लागतो, आणि अजून एकच प्रसंग चाललाय. याच माणसाने पुढच्या वर्षी ‘प्रोजेक्ट ए’मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून उडी टाकली. पन्नास-साठ फूट. मराठवाड्यातली एखादी विहीर आठवा, मे महिन्यातली, तळाशी नुसता चिखल. काठावर वाकून बघितलं तरी पोटात गोळा येतो. तेवढ्या उंचीवरून जॅकी खाली आला, मध्ये दोन कापडी छत्रं फाडत, आणि एकदा नाही, पुन्हा वर चढून पुन्हा!

आणखी पुढे जाऊ, म्हणजे काळाने मागे. १९२८ साली शांघायमध्ये ‘रेड लोटस टेंपल’ जाळण्याच्या कथेवर एक मूकपट निघाला. लोक इतके वेडे झाले की भागामागून भाग निघत राहिले, तीन वर्षं. सगळे जोडले तर लांबी २७ तास! देवगिरी एक्सप्रेसने मुंबईहून इथे यायला सात तास लागतात. मुंबईहून या, परत जा, पुन्हा या, पुन्हा निघा, कल्याण जवळ येईपर्यंत पिक्चर चालूच. मूकपटाच्या संथ वेगाने, सेकंदाला सोळाच चित्रं धरली तरी ९७ हजार फूट. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता. म्हणजे एका पिक्चरमध्ये सव्वीस हरिश्चंद्र! छावणीतून निघालेलं रीळ दौलताबाद मागे टाकतं, खुलताबादचा घाट चढतं आणि तीस किलोमीटरवर वेरूळच्या लेण्यांपाशी जाऊन थांबतं. आज त्यातलं किती शिल्लक आहे? एक हातही नाही. सगळं गेलं. हा आकडा लिहिताना वाईट वाटतं.

आणि झपाटा बघायचा तर क्वान टाक-हिंगचा बघा. वाँग फेई-हुंग नावाचा दक्षिण चीनमधला एक खराखुरा वैद्य आणि उस्ताद होऊन गेला. क्वानने १९४९पासून त्याची भूमिका सत्तरहून अधिक पिक्चरमध्ये केली. एकट्या १९५६ सालात वाँग फेई-हुंगचे २५ पिक्चर आले. पंचवीस! वर्षाचे बाजार बावन्न. म्हणजे छावणीच्या दर दुसऱ्या गुरुवारी नवाकोरा पिक्चर. आजीचा गजरा वाळायच्या आत नाही म्हणत मी, पण बाजारातून आणलेलं मिठाचं पुडकं संपायच्या आत नक्की.

यापेक्षा मोठा कारखाना म्हणजे शॉ बंधूंचा. हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बे इथे १९६१मध्ये त्यांनी उभारलेली चित्रनगरी ४६ एकरांची. आपल्या भाषेत १,८४० गुंठे, आणि पीक एकच, पिक्चर! चांग चेहचा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ तिथलाच, १९६७चा, हाँगकाँगात दहा लाख स्थानिक डॉलर कमावणारा. चेंग पेई-पेई ही बॅले शिकलेली मुलगी १९६६मध्ये ‘कम ड्रिंक विथ मी’मधून तलवारबाज झाली ती तिथेच, आणि ३४ वर्षांनी ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये खलनायिका होऊन पुन्हा लढायला उभी राहिली. शॉ बंधूंच्या जुन्या पिक्चरांचा साठा २०००मध्ये विकला गेला तेव्हा त्यात ७६० पिक्चर होते. सगळेच मारामारीचे नव्हेत, गाण्यांचे, रडवणारे, सगळे धरून. सरासरी दीड तासच मोजू. ४१ लाख सेकंद. ४१ लाख हात. १,८७६ किलोमीटर! मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरला, तर साडेबारा वेळा. श्रावणाच्या पहिल्या दिवशी बघायला बसा, रात्रंदिवस बघा, डोळा लावू नका. उठाल तेव्हा गणपती येऊन गेलेले, अनंत चतुर्दशी झालेली, पितृपक्ष लागलेला! आणि चित्रं? जवळपास दहा कोटी! २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, त्यातून मुंबई वजा करा, उरतात दहा कोटी. बाकीच्या सगळ्या महाराष्ट्राला, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, दरडोई एक चित्र! आणि छावणीतल्या एका पोराकडे सहा.

थांबा, अजून संपलं नाही. फिल्मवर जे उतरलंच नाही ते कुठे मोजलं?

जॅकी चॅनला सातव्या वर्षी पेकिंग ऑपेराच्या शाळेत घातलं. सामो हुंग आणि युएन बियाओ त्याच शाळेतले. उस्ताद यु जिम-युएन. पहाटे उठायचं, डोक्यावर उभं राहायचं, कोलांट्या, लाथा, गाणं, छडी. असं दहा वर्षं. रोज दहाच तास धरू, खरं तर जास्तच. ३६,५०० तास. समजा, कुणी तो सगळा सराव फिल्मवर घेतला असता. तेरा कोटी हात! साठ हजार किलोमीटर! मुंबई-पुणे चारशे वेळा. शॉ बंधूंचा अख्खा साठा साडेबारा, आणि एका पोराचा सराव चारशे! पृथ्वीला एक वेढा घालून होतो, दुसरा अर्धा होतो, आणि पोरगं अजून सतरा वर्षांचंच आहे. अशी शाळा, अशी पोरं, एक नाही, कितीतरी. आणि त्या सगळ्याच्या शेवटी पडद्यावर काय येतं? एक माणूस उडी मारतो आणि पाव सेकंद हवेत राहतो. सहा चित्रं. अर्धी वीत.

माझा तुकडा कुठल्या पिक्चरचा होता ते कधीच कळलं नाही. बल्ब भिंतीपासून मागे घेतला की तो माणूस मोठा व्हायचा. आधी हातभर, मग दोन हात, मग त्याचा पाय थेट आढ्याला लागायचा, आणि बल्बमधलं पाणी हललं की सदरा वाऱ्यावर हलल्यासारखा दिसायचा. ऊन सरकेल तसा मी आरसा सरकवायचो. आजी दारात गजरा माळत उभी असायची. म्हणायची, “किती वेळ टांगून ठेवतोस रे त्याला? उतरव की आता.”