सभागृहातील गदारोळ आणि विचारविनिमयाची लोकशाही

युर्गेन हाबरमास यांच्या मांडणीनुसार निर्णयाची वैधता केवळ बहुमतातून येत नाही. खुल्या चर्चेत कारणे मांडली व तपासली जाणे आवश्यक असते. या दृष्टीने सभागृह बंद पाडणे हा चर्चेलाच नकार ठरतो. परंतु भारतीय संसदेचा अनुभव इतका सरळ नाही. २०१० च्या हिवाळी अधिवेशनात टू-जी स्पेक्ट्रम प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून कामकाज जवळजवळ पूर्णतः ठप्प झाले आणि २०११ च्या प्रारंभी ती समिती नेमली गेली. चर्चा बुडाली, पण चौकशीचे दार उघडले.

गदारोळाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. त्यात प्रश्नोत्तरांचा तास बुडाला की मंत्र्यांना उपप्रश्नांना तोंड द्यावे लागत नाही. विधेयके मात्र आवाजी मतदानाने संमत होऊ शकतात. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने गोंधळातच अनुदानाच्या मागण्या व वित्त विधेयक चर्चेविना संमत केले. (यासाठी ‘गिलोटिन’ ही संज्ञा रूढ आहे, आणि ती पुरेशी बोलकी आहे.) म्हणजेच गोंधळाने अडतो तो बहुधा प्रश्न, सत्ता अडत नाही.

२० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर मतविभाजनाची मागणी झाली. सदस्य आपापल्या जागी नाहीत, या कारणास्तव उपसभापतींनी ती मान्य केली नाही. हे कारण वादग्रस्त ठरले. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. पुढे हे कायदे रद्द करणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत संमत झाले, तेही चर्चेविनाच.