सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दापोलीहून मावशीचा फोन आला. "अरे, आपली वेबसाइट कुठे गेली? उघडली की भलत्याच जाहिराती येतायत. पुण्याच्या एका बाईंनी तर विचारलं, तुम्ही होमस्टे बंद केलात का?"

मावशीचा चार खोल्यांचा होमस्टे. मे महिन्याची निम्मीअधिक बुकिंगं त्या साइटवरून येतात. खोदत गेल्यावर कळलं ते असं : साइट सहा वर्षांपूर्वी आळीतल्या एका मुलाने कॉलेजात असताना करून दिली होती. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याने स्वतःच्याच खात्यातून घेतलं. पुढे तो नोकरीला बेंगळुरूला गेला, कार्ड बदललं, आणि मुदत संपत आल्याचे इशारे त्याच्या जुन्या, कधीच न उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर पडत राहिले. मुलगा सज्जन. तिसऱ्या दिवशी फोनवर सापडला, "काकू, लक्षातच नाही राहिलं हो" म्हणाला आणि तासाभरात पैसे भरून मोकळा झाला. सापडला नसता, किंवा सापडूनही त्याच्या मनात काही वेगळं असतं, तर? घर मावशीचं, राबणं मावशीचं, आणि सातबारा त्याच्या नावावर.

त्यामुळे होस्टिंग कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी डोमेनचं विचारतो. डोमेन हा पत्ता, होस्टिंग ही त्या पत्त्यावरची भाड्याची खोली. खोली बदलता येते, पत्ता गेला की गेला. डॉट कॉम नावाची मुदत उलटली तर काही दिवस, फार तर दीड महिना, ते नेहमीच्या दरात परत मिळतं. मग तीस दिवस जबर दंड भरून. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणीही उचलावं. 'होस्टिंग घ्या, पहिल्या वर्षी डोमेन फुकट' ही योजना वाईट नाही, पण ते नाव कुणाच्या खात्यात आणि कुणाच्या ईमेलवर नोंदलं जातंय ते बघून घ्यावं. मी तर दोन्ही मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांकडे ठेवतो. घरमालकाशी बिनसलं तर निदान पत्ता आपल्या खिशात राहतो.

आता खोलीकडे वळू. भरवशाची कंपनी म्हणजे जिचं कधी काही बिघडत नाही ती, अशी आपली समजूत असते. अशी कंपनी नाही. ओव्हीएच ही फ्रान्समधली, युरोपातल्या बड्या होस्टिंग कंपन्यांपैकी एक. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर स्ट्रासबुर्गमधल्या तिच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचा काही भागही. माणूस कुणी दगावला नाही, पण नेटक्राफ्ट या संस्थेच्या मोजणीप्रमाणे ३६ लाख वेबसाइट एका रात्रीत बंद पडल्या. संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ट्विटरवर ग्राहकांना कळवलं : आपापली आपत्कालीन योजना अमलात आणा. कित्येकांकडे तशी योजनाच नव्हती. 'बॅकअप आहे ना, कंपनी घेते' एवढ्यावर ते निवांत होते. एका ग्राहकाने तर बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, करारात प्रती वेगळ्या जागी ठेवू असं म्हटलं होतं, आणि त्या होत्या त्याच इमारतीत. प्रकरण कोर्टात गेलं. २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने त्याला एक लाख युरोंहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला. पैसे मिळतील, डेटा थोडाच मिळतो.

आगच लागायला हवी असंही नाही. २०२३ मध्येच, ऑगस्टमध्ये, डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक कंपनीचे सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात हलवले जात होते. त्यातले काही आधीच व्हायरसने पोखरलेले होते. हलवताना ते आतल्या नेटवर्कला जोडले गेले, आणि हल्लेखोरांनी सर्व्हरबरोबर बॅकअपही कुलूपबंद करून टाकले. बहुतेक ग्राहकांचं सगळंच गेलं. दोन्हीकडचा धडा एकच : प्रती होत्या, पण मूळ मालाच्या कुशीतच.

म्हणून कंपनी निवडताना मी एक उद्योग करतो. पैसे भरण्याआधी, शक्यतो रविवारी रात्री अकराच्या सुमारास, त्यांच्या मदत कक्षाला लिहितो : 'बॅकअप कुठल्या शहरात ठेवता? तो मला स्वतः उतरवून घेता येतो का? उद्या मी दुसरीकडे गेलो तर सगळी साइट उचलून नेता येईल का?' उत्तर किती वेळात येतं, माणसाचं येतं की छापील, शहराचं नाव येतं की 'तुमचा डेटा आमच्याकडे सुरक्षित आहे' एवढंच, यात पुष्कळ कळतं. सीपॅनेलसारखी सर्वत्र चालणारी व्यवस्था असेल तर बाडबिस्तरा उचलणं सोपं. कंपनीचं स्वतःचंच काहीतरी असेल, किंवा 'ओढा आणि सोडा, साइट तयार' छापाचं साधन असेल, तर आत जाताना दरवाजा मोठा आणि बाहेर पडताना खिडकीही नाही, असा प्रकार होतो. ज्याला सोडून जाता येतं त्याच्याकडेच निर्धास्त राहता येतं, असं माझं मत झालं आहे.

बाकी जाहिरातीतले आकडे. '९९.९ टक्के अपटाइम' म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला. ९९ टक्के म्हटलं तर महिन्याला सात तास. शब्द मोडला तरी भरपाई बहुधा भाड्यातल्या सवलतीची, तुमच्या बुडालेल्या बुकिंगची नव्हे. 'अनलिमिटेड' जागेचंही तसंच. खानावळीत अमर्याद थाळी असते, पण चौथ्या चपातीनंतर वाढपी आपल्याकडे बघेनासा होतो. इथे तो वाढपी म्हणजे फाइलींच्या संख्येवरची मर्यादा. साध्या शेअर्ड होस्टिंगवर एकेक फोटो आणि बऱ्याच ठिकाणी एकेक ईमेलसुद्धा एक फाइल धरली जाते. प्रोसेसरच्या वापरालाही कात्री असते. गर्दी झाली की पाहुण्याला '५०८' आकड्याचा कोरा संदेश दिसतो, आणि मालकाला कळतही नाही.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारावं. ग्राहक पुण्या-मुंबईचे असतील तर तो अमेरिकेत कशाला? तिकडे जाऊन यायला एका हाकेला सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा अधिक लागतो, आणि एक पान उघडायला अशा अनेक हाका माराव्या लागतात. ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत, ॲमेझॉनने आपला क्लाउड मुंबईत २०१६ मध्येच आणला. घराजवळची खोली मिळते, फक्त मागावी लागते.

आणि दोन फुटकळ गोष्टी. ब्राउझरच्या कुलपासाठी लागणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टमुळे २०१५ अखेरपासून फुकट मिळतं. साध्या साइटसाठी त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जरा डोळे बारीक करून पाहावं. दुसरं, जाहिरातीतला 'महिना ऐंशी रुपये' हा भाव तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरचा आणि पहिल्या खेपेपुरता. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात खाली असतो, बरेचदा दुप्पट-तिप्पट. तुलना त्याच आकड्याची करायची. 'यंदाच्या दहा उत्तम होस्टिंग कंपन्या' छापाच्या याद्यांवर मी वेळ घालवत नाही. त्यातल्या बऱ्याच याद्या तुम्ही केलेल्या क्लिकमागच्या कमिशनवर चालतात.

मावशीचं सगळं मे संपल्यावर नीट लावलं. डोमेन तिच्या नावावर, इशारे तिच्या फोनवर. महिन्याच्या एक तारखेला साइटची प्रत पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह देवघरातल्या डब्यात. गणपतीत गेलो तेव्हा तिने तो माझ्यापुढे ठेवला. "हे जपून ठेवतेय खरी. पण हे उघडतं का, ते कुणी बघितलंय?"

नव्हतं बघितलं. उघडला. खोल्यांचे फोटो होते, फणसाचा होता, समुद्राचे बावीस होते. मजकूर एक ओळही नाही. वर्डप्रेसमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये असतो, आणि बॅकअपची सोय लावून देताना डेटाबेसच्या चौकटीत खूण करायला मीच विसरलो होतो. मावशी काही बोलली नाही. तिने पेनड्राइव्ह परत माझ्या हातात दिला आणि मोदकांचं पाणी ठेवायला आत गेली.