क्षयरोग्याचा आहार : पथ्य आणि पोषण
(पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात)

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील बोली मराठी, बाजारपेठ व मोठा दवाखाना नागपूरचा, आणि रोजचे जेवण ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, झुणका व जवसाची चटणी. शेतात संत्री व कापूस. अशा घरात कोणाला क्षयरोग, म्हणजे टी.बी. झाल्याचे कळले की औषधाच्या चौकशीपाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : ‘पथ्य काय पाळायचे?’ आणि मग दही थंड, केळी कफकारक, अंडे उष्ण, शेंगदाणे पित्तकारक असे म्हणत एकेक पदार्थ ताटातून कमी होत जातो. आधीच वाळलेला रुग्ण पातळ वरण व भातावर येतो.

वास्तविक या आजारात पथ्यापेक्षा भरतीची गरज असते. दीर्घकाळच्या तापामुळे शरीर स्वतःचे स्नायू खर्ची घालते आणि भूकही मरते. रोगामुळे वजन घटते व वजन घटल्यामुळे प्रतिकारशक्ती ढासळते, असे हे दुष्टचक्र होय.

आहाराचा हा प्रश्न वैद्यकशास्त्रात मध्यंतरी मागे पडला होता. औषधे येण्यापूर्वी आरोग्यधामात विश्रांती, मोकळी हवा, दूध व अंडी हाच मुख्य उपचार असे. १९५६ मध्ये मद्रास येथे एका महत्त्वाच्या अभ्यासास सुरुवात झाली. काही रुग्णांना आरोग्यधामात व काहींना त्यांच्या गरीब घरीच ठेवून सर्वांना सारखीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांचा आहार बराच निकृष्ट होता, तरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष जवळपास सारखेच निघाले. त्यामुळे लाखो गरिबांना घरी राहून उपचार घेणे शक्य झाले, हा मोठा लाभ. परंतु त्यातून ‘औषध घेतले की पुरे, आहाराचे फारसे काही नाही’ असा जो समज रूढ झाला, तो योग्य नव्हता.

त्याच मद्रास केंद्राची उत्तराधिकारी असलेल्या चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या सहभागाने झारखंडमधील चार जिल्ह्यांत ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यात सुमारे २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा १० किलो शिधा देण्यात आला : तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचे सत्तू, दूध पावडर व तेल. पाचपैकी चार रुग्ण उपचाराच्या आरंभी कमी वजनाचे होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी आढळला. ज्या घरांतील इतर माणसांनाही तांदूळ व तूरडाळ मिळाली, तेथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. म्हणजे रुग्णासाठी वेगळे ताट वाढून बाकीच्यांनी अर्धपोटी राहणे हेही धोक्याचेच.

४५ किलो वजनाच्या रुग्णाने ५ टक्के वाढविणे म्हणजे सव्वादोन किलो. हे कशाने साधावे? केंद्र शासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. या रुग्णासाठी ती साधारण ५५ ते ६७ ग्रॅम होतात. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३०, ५० ग्रॅम तूरडाळीतून ११, मूठभर (५० ग्रॅम) शेंगदाण्यांतून १२ व दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, एवढ्यात हिशेब जमतो. अंडी न खाणाऱ्यांनी पाव लिटर दूध व मूठभर फुटाणे घ्यावेत. ज्वारीत ज्या घटकाची उणीव असते तो डाळीत असल्यामुळे भाकरी-वरण एकत्र खाणे लाभदायक ठरते. वर एक पळी तेल घातले तर उष्मांकही वाढतात. भूक नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. जेवणासोबत संत्रे घेतल्यास डाळीतील लोह शरीरात चांगले मुरते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास उलट होते. संत्र्याच्या मुलखात फळ बाजारात जाते आणि रुग्णाच्या वाट्याला चहा-टोस्ट येतो, ही खेदाची बाब आहे.

औषधाची गोळी साधारणतः रिकाम्या पोटी घ्यावयाची असते. मळमळ झाल्यास ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिन या औषधामुळे, संत्र्यामुळे नव्हे. मधुमेह असल्यास साखर व भाताचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्रथिने मात्र तोडू नयेत. पायावर सूज असलेल्या किंवा उभेही राहता न येणाऱ्या अतिकृश रुग्णास घरी एकदम भरपूर खाऊ घालणे घातक ठरू शकते. त्यास दवाखान्यात भरती करून आहार हळूहळू वाढवावा लागतो. रमजानमध्ये आजारी माणसास रोजा न ठेवण्याची व नंतर तो पूर्ण करण्याची सवलत कुराणातच आहे. वजन वाढविण्याच्या या महिन्यांत रुग्णाने तिचा लाभ घेण्यास संकोचू नये.

खर्चाचा भाग उरतो. निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून उपचारकाळात दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. नाव नोंदविताना खात्याचा तपशील बरोबर दिला आहे की नाही, हे पहिल्याच भेटीत आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. त्याच भेटीत वजन करून ते कार्डावर लिहून घ्यावे, म्हणजे दोन महिन्यांनी तुलना करता येते.